चार राउटर, पलंगाखालची केबल आणि सुनेचे निलंबन

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
तार-जोडणी विभाग, दूरध्वनी कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : घरातील सरावाची यंत्रसामग्री 'बेकायदा एक्स्चेंज' ठरवून अर्जदाराच्या सुनेचे केलेले निलंबन मागे घेऊन तिला ४ तारखेच्या खातेपरीक्षेस बसू देण्याबाबत.

संदर्भ : १) तपासणी अधिकाऱ्यांचा दि. १५ चा अहवाल. २) आपला दि. १६ चा निलंबन आदेश, ज्यात संदर्भ क्र. १ वाचल्याचे लिहिले आहे.

महोदय,

अर्जदार हा आपल्याच विभागाच्या परीक्षण कक्षात एकतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेला वरिष्ठ तंत्रज्ञ असून पत्नी, मुलगा व सून यांच्यासह तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्यांत राहतो. सून आपल्या विभागात बाहेरच्या लाइनवर तंत्रज्ञ आहे. आपण तिला निलंबित का केले हे आपल्या आदेशावरून आपल्यालाही समजलेले दिसत नाही, सबब अर्जदार ते क्रमवार समजावून सांगत आहे. येण्यापूर्वी दूरध्वनी करून वेळ घ्यावी असा अर्जदाराचा विचार होता. परंतु दूरध्वनी कार्यालयाचा दूरध्वनी गेले नऊ दिवस बंद असल्याने अर्ज जिने चढून हाती आणून दिला आहे.

१. वरिष्ठ तंत्रज्ञपदाच्या खातेपरीक्षेत लेखी पेपराखेरीज दोन तासांचे प्रात्यक्षिक असते, हे आपल्याला ठाऊक असेल असे अर्जदार गृहीत धरतो. उमेदवारापुढे चार राउटर, तारांचा गुंता आणि एक डीस्लॅम ठेवतात. डीस्लॅम म्हणजे एक्स्चेंजमधली ती पेटी, जिच्यातून साध्या टेलिफोनच्या तारेवर इंटरनेटची डीएसएल लाइन निघते. त्या लाइनींवरून चारही राउटर एकमेकांशी बोलते करायचे आणि परीक्षकाने मुद्दाम करून ठेवलेला बिघाड शोधायचा, एवढे काम असते. या सरावासाठी विभागाने स्वतंत्र खोली राखून ठेवली आहे. अर्जदाराने ती मागच्या महिन्यात पाहिली. तीत बहात्तर मोडक्या खुर्च्या आहेत. उमेदवारांच्या बसण्याची सोय व्हावी हा हेतू असल्यास तो स्तुत्य आहे. बसून सराव कशाचा करायचा, हे मात्र दारावरच्या शिपायाला सांगता आले नाही, आणि त्याच्यावरच्या कुणाला विचारावे तर ते जागेवर नव्हते.

२. सून पाच वर्षांपूर्वी या परीक्षेच्या लेखी भागात विभागात पहिली आली आणि प्रात्यक्षिकात नापास झाली. डीस्लॅमचे झाकण कोणत्या बाजूने उघडते हे तिने जन्मात प्रथम परीक्षेच्या दालनातच पाहिले. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही. अर्जदाराच्या पत्नीने अर्जदारास विचारले, "एकतीस वर्षं तिथे काय केलंत हो? पोरीला एक पेटी दाखवता आली नाही तुम्हाला." प्रश्न रास्त होता.

३. म्हणून अर्जदाराने विभागानेच भंगारात काढलेला एक डीस्लॅम व चार राउटर जाहीर लिलावातून रीतसर घेतले. एक राउटर स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर, एक बाहेरच्या खोलीत, एक गॅलरीत व एक पलंगाशेजारी बसवला. डीस्लॅम कपड्यांच्या कपाटावर ठेवला व तिथून प्रत्येक राउटरपर्यंत तार नेली. आता, खरी लाइन एक्स्चेंजपासून लांब असते आणि जितकी लांब तितकी ती रडते. चार पावलांच्या तारेवर शिकलेला माणूस खऱ्या लाइनवर तोंडघशी पडतो. यासाठी अर्जदाराने टेलिफोन केबलचे एक भलेमोठे रीळ आणून पलंगाखाली सरकवले आणि पलंगाशेजारच्या राउटरची लाइन त्या रिळातून फिरवून आणली. अर्जदाराची पत्नी गेली काही वर्षे सव्वा किलोमीटर केबलवर झोपत आली आहे. तिची त्याबद्दल तक्रार नाही. केबल निदान घोरत नाही, एवढेच ती म्हणते.

४. वरील तारांपैकी एकही तार घराच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. हे वाक्य आपण कृपया दोनदा वाचावे, कारण पुढील सर्व प्रकरण ते कुणीही एकदाही न वाचल्याने घडले आहे.

५. दि. १४ रोजी सकाळी अकरा वाजता आपले तपासणी अधिकारी दोन मदतनिसांसह अर्जदाराच्या घरी आले. निनावी तक्रार आहे, असे त्यांनी दारातच सांगितले. येथे एक खुलासा आवश्यक आहे. हा या अर्जाचा चौथा मसुदा असून पहिल्या तीन मसुद्यांत या अधिकाऱ्यांसाठी एक विशेषण अकरा ठिकाणी आले होते. सुनेने ते सगळीकडून काढायला लावले. "बाबा, हा अर्ज आहे, भांडण नाही," असे तिचे म्हणणे पडले. त्या अकराही ठिकाणी आता 'तपासणी अधिकारी' असे लिहिले आहे. वाचणाऱ्याने आपापल्या अनुभवाप्रमाणे समजून घ्यावे.

६. तपासणी अधिकाऱ्यांनी यंत्रांविषयी अर्जदारास एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी प्रथम डीस्लॅमची वीज बंद केली, कारण त्यांच्या मते ती पेटी 'संशयास्पद आवाज' करत होती. तो आवाज तिच्या पंख्याचा होता. मग त्यांनी सर्व तारा उपटल्या, स्वयंपाकघरातील राउटर व गॅलरीतील राउटर एकाच टेलिफोनच्या तारेने थेट एकमेकांना जोडले, आणि आता हे एकमेकांशी बोलतात की नाही ते पाहू, असे म्हणून खुर्ची ओढून बसले. अर्जदाराने तोंड उघडले तेव्हा त्यांनी हात वर करून, "तुम्ही मध्ये बोलू नका, तपासणी चालू आहे," असे बजावले.

७. महोदय, डीएसएलच्या तारेची दोन टोके सारखी नसतात. ग्राहकाकडचे यंत्र हाक मारते आणि एक्स्चेंजकडची पेटी ओ देते. हाक मारणे आणि ओ देणे ही दोन निराळी कामे असून ग्राहकाच्या यंत्राला ओ देता येत नाही, ती त्याला शिकवलेलीच नसते. म्हणून तारेच्या दोन्ही टोकांना ग्राहकाची यंत्रे लावली तर दोघेही हाका मारत राहतात आणि कुणीच ओ देत नाही. हे समजायला चार वाक्ये पुरतात, ती वर लिहिली आहेत. तपासणी अधिकारी त्या दोन राउटरांच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे पंचवीस मिनिटे पाहत बसले. या काळात त्यांनी दोन वेळा चहा घेतला. दुसऱ्या वेळी साखर कमी पडल्याचे पत्नीच्या नजरेस आणून दिले. ही बाब अहवालात नमूद नाही.

८. पंचवीस मिनिटांनंतर त्यांनी काढलेला निष्कर्ष आपल्या विभागाच्या इतिहासात जपून ठेवण्यासारखा असल्याने अर्जदार तो जसाच्या तसा उतरवून देत आहे : "घरातील यंत्रे आपापसात संपर्क करीत नाहीत असे प्रत्यक्ष चाचणीत आढळले. ज्याअर्थी ती आपापसात संपर्क करीत नाहीत, त्याअर्थी ती घराबाहेरील अन्य ठिकाणाशी संपर्क करीत असली पाहिजेत. बाहेर जाणारी तार आढळून आली नाही. यावरून ती लपवून ठेवलेली असल्याचे स्पष्ट होते." अर्जदाराने हा परिच्छेद दहा-बारा वेळा वाचला. शेजारच्या घरात मांजर नाही असे आढळले तर ते लपवून ठेवले असल्याचे स्पष्ट होते, इतकाच या तर्काला आधार आहे. यावर आपण 'वाचले, मान्य' असा शेरा मारून सही केली आहे. सही सुवाच्य आहे.

९. अहवालासोबत एक कागद 'सांकेतिक संदेश' म्हणून जोडला आहे. तो अर्जदाराच्या घरच्या फ्रिजवर लावलेला होता. चार राउटरना नावे दिल्याशिवाय सराव करता येत नाही, आणि सुनेने लक्षात राहावीत म्हणून ती घरगुती ठेवली : सासूबाई, थोरली जाऊ, नणंद आणि मावशी. एक लाइन तुटली तर माहितीने कोणत्या वाटेने जायचे याचा सराव करताना तिने लिहून ठेवले होते, "नणंदेकडे जायचे असल्यास सासूबाईंमार्फत जावे. सासूबाई बंद असतील तर थोरल्या जावेकडून वळसा घ्यावा. मावशीवर भार टाकू नये." यावर तपासणी अधिकाऱ्यांनी 'सासूबाई या टोपणनावाने वावरणाऱ्या सूत्रधार व्यक्तीचा शोध घ्यावा' अशी शिफारस केली आहे. महोदय, ज्या बाईने त्यांना दोन वेळा चहा दिला ती अर्जदाराच्या सुनेची सासूच होती. शोध लांब जाण्याची गरज नाही. अहवाल वाचून दाखवल्यावर पत्नीने एवढेच विचारले, "मी बंद कधी असते?" आणि ती आत निघून गेली.

१०. सून त्या दिवशी दुपारी कामावरून घरी आली. याची नोंद 'निलंबित कर्मचारी घटनास्थळी विभागाच्या गणवेशात आढळली' अशी करण्यात आली. तेव्हा ती निलंबित नव्हती. आणि खांबावरून उतरून घरी येणारी बाई गणवेशाखेरीज कशात आढळायला हवी होती, याचे मार्गदर्शन व्हावे. जाताना तपासणी अधिकाऱ्यांनी सर्व यंत्रांना लाखेचे सील लावले. केबलचे रीळ पलंगाखालून त्यांच्या मदतनिसांना ओढून काढता येईना, म्हणून सील पलंगालाच लावण्यात आले. पंचनाम्यात 'पलंग एक, उशा दोन, खालील केबलसह' असे लिहिले आहे. तेव्हापासून अर्जदाराची पत्नी बाहेरच्या खोलीत जमिनीवर अंथरूण घालते आणि सकाळी उठताना भिंतीला धरून उठते. अर्जदाराने सील तोडतो म्हटले तर सून म्हणाली, "नका बाबा. त्याचंही कलम लावतील, मग सुनावणी आणखी पुढे जाईल."

११. सुनावणीसाठी आपण पुढील महिन्याची १८ तारीख ठेवली आहे. परीक्षा त्याआधी चौदा दिवस, ४ तारखेला आहे. निलंबित कर्मचाऱ्यास परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा पाच वर्षांतून एकदा होते व चाळीस वर्षे पूर्ण झालेल्यास बसता येत नाही. सुनेला येत्या वर्षी चाळीस पूर्ण होतात. म्हणजे १८ तारखेला आपण तिला निर्दोष सोडले, तिची क्षमाही मागितली, तरी तिला वरिष्ठ तंत्रज्ञाचे पद मिळायचे नाही. अकरा वर्षे ती खांबांवर चढते आहे. तिचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. केस ती डाव्या हाताने विंचरते आणि कुणी पाहिले की सवय बदलली असे सांगते. वरिष्ठ तंत्रज्ञ टेबलाशी बसून लाइन तपासतो, त्याला शिडी लागत नाही. ही परीक्षा तिला मानासाठी द्यायची नाही. मागच्या सहा महिन्यांत तिने चारही राउटर सदतीस मिनिटांत जोडून दाखवले आहेत, अर्जदाराने स्वतः घड्याळ लावून पाहिले आहे. परीक्षेत दोन तास मिळतात.

१२. येथपर्यंतचा अर्ज परवाच तयार होता. त्यास एक पुरावा जोडावा असे अर्जदाराच्या मनात आले. या तपासणी अधिकाऱ्यांना डीएसएलचे प्रशिक्षण कधी मिळालेलेच नाही आणि अशा माणसाला तपासणीस पाठवणारा विभागच दोषी आहे, हे कागदावर सिद्ध करायचे होते. अर्जदारास त्यांनी पूर्वी परीक्षण कक्षात केलेली शिकाऊ उमेदवारी आठवत होती आणि ती आठवून हसूही येत होते. अर्जदाराने अभिलेख कक्षात अर्ज देऊन त्यांच्या प्रशिक्षणाच्या कागदाची नक्कल मागवली. ती काल दुपारी मिळाली.

१३. ते प्रमाणपत्र आहे. त्यावर लिहिले आहे : "डीएसएल लाइन परीक्षण, तीन आठवडे. प्रशिक्षण पूर्ण. प्रगती समाधानकारक." खाली प्रशिक्षक म्हणून अर्जदाराची सही आहे.

१४. ती सही खोटी नाही. मजकूर खोटा आहे. अर्जदाराला आता सगळे आठवले ते येथे नमूद करणे भाग आहे. पहिल्याच दिवशी या उमेदवाराने, तेव्हा ते चोवीस-पंचवीस वर्षांचे असतील, भरल्या कक्षात हात वर करून विचारले होते, "सर, तारेच्या दोन्हीकडे सारखंच मशीन लावलं तर काय होईल?" प्रश्न चांगला होता. डीएसएल समजून घ्यायचे तर तो पहिला प्रश्न आहे. अर्जदार उत्तरादाखल हसला आणि कक्षाला उद्देशून म्हणाला, "याला आधी दिव्याचं बटण दाबायला शिकवा." सगळे हसले. अर्जदाराला लोकांना हसवण्याची हौस होती आणि ती भागवायला समोर नेहमी कुणीतरी कच्चा लागत असे. त्या दिवसापासून कक्षात त्यांचे नाव 'बटण' पडले. पुढचे तीन आठवडे त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. ते खिडकीशी बसून राहत आणि अर्जदार त्यांच्याकडे पाहत नसे. शेवटच्या दिवशी कागद समोर आला, तो अर्जदाराने न वाचता सही करून सारला. ज्या कामासाठी अर्जदारास पगार मिळत होता ते काम अर्जदाराने त्या माणसाच्या बाबतीत केले नाही.

१५. दि. १४ रोजी ते अर्जदाराच्या घरी तोच प्रश्न घेऊन आले होते. दोन्हीकडे सारखेच यंत्र लावून काय होते ते पाहत पंचवीस मिनिटे बसले आणि या वेळीही अर्जदार समोर असून उत्तर मिळाले नाही. त्यांनी अर्जदारास बोलू दिले नाही हे खरे. ज्या दिवशी त्यांना उत्तर मिळायला हवे होते, त्या दिवशी अर्जदारानेही त्यांना बोलू दिले नव्हते. निनावी तक्रार कुणी केली याचा अर्जदारास संशय होता, आता त्याची चौकशी करावीशी वाटत नाही. सुनेने हे प्रमाणपत्र दोनदा वाचले. मग म्हणाली, "बाबा, मग माझ्यावर कशाला चिडतील ते? ते तुमच्याकडे आले होते." अर्जदारास आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही. सुनेचे म्हणणे असे की हा कागद जोडू नये, निवृत्तिवेतनावर गदा येईल. अर्जदार तो जोडत आहे.

१६. तरी खालीलप्रमाणे व्हावे :

अ) डीस्लॅम कधी न पाहिलेल्या माणसास समाधानकारक प्रगतीचे प्रमाणपत्र दिल्याबद्दल अर्जदारावर नियमाप्रमाणे कारवाई करावी. निवृत्तिवेतन रोखण्याची तरतूद कोणत्या कलमात आहे हे अर्जदारास माहीत आहे, आपल्याला शोधावे लागल्यास विचारावे.

आ) परीक्षण कक्षात, जे लोक त्या दिवशी हसले त्यांपैकी जे अजून नोकरीत आहेत त्यांच्यासमोर, अर्जदार तपासणी अधिकाऱ्यांची क्षमा मागण्यास तयार आहे. वेळ आपण ठरवावी. त्यानंतर त्यांची इच्छा असल्यास अर्जदार त्यांना राहिलेले तीन आठवडे शिकवील. विनोद करणार नाही.

इ) त्यांचा निष्कर्ष मात्र चूकच आहे. क्षमा मागून झाल्यावरही तो चूकच राहील. अर्जदार त्यातील एक शब्दही मान्य करीत नाही. आपण 'वाचले, मान्य' लिहिण्यापूर्वी वाचायला हवे होते, याबद्दलही अर्जदाराचे मत बदललेले नाही.

ई) पलंगाचे सील काढावे.

उ) सुनेचे निलंबन ४ तारखेपूर्वी मागे घ्यावे. ते न जमल्यास निकाल राखून ठेवून तरी तिला परीक्षेला बसू द्यावे. ज्याला अर्जदाराने शिकवले नाही त्याच्या अज्ञानाची शिक्षा, जिला शिकवले तिला होऊ नये. बाकीचे काही मान्य झाले नाही तरी चालेल, एवढे एक व्हावे, ही हात जोडून विनंती.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,

(सही)
निवृत्त वरिष्ठ तंत्रज्ञ, परीक्षण कक्ष
चालू महिन्याची २१ तारीख

सोबत :
१) लिलावाची पावती.
२) घरातील सर्व तारांचा हाताने काढलेला नकाशा. बाहेर जाणारी तार नाही, म्हणून दाखवलेली नाही.
३) पंचनाम्याची प्रत.
४) प्रशिक्षण प्रमाणपत्राची नक्कल, अर्जदाराच्या सहीसह.
५) तपासणी अधिकाऱ्यांसाठी बंद पाकीट एक, आत त्यांच्या पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचे उत्तर. ते कार्यालयात फोडू नये, त्यांच्या हाती द्यावे.